जुना सेकंडहँड बांबूचा फ्लाय रॉड: ओळख, सांधे आणि लाइन

काठावरचा
नमस्कार मंडळी. बांबूचा एक जुना फ्लाय रॉड (कृत्रिम माशी फेकून मासे धरायची काठी) हातात आहे. नाव कुठेच सापडत नाही. जे दिसतंय ते लिहितो.

तीन तुकडे आणि एक जादा टोक (सगळ्यात वरचा बारीक तुकडा). बुडखा (मुठीकडचा तुकडा) ८८ सेंमी. मधला तुकडा आणि एक टोक जोडलेलेच आले, सुटत नाहीत. दोन्ही मिळून १७३.५ सेंमी. सुटं टोक ८४.५ सेंमी. काठी षटकोनी, मधासारख्या रंगाची, व्हार्निशला अधूनमधून बारीक जाळी. कॉर्कच्या वर शाईने '८½' आणि पुढे रोमन अक्षरांत 'एचसीएच किंवा एचडीएच' असं काहीसं. गाइडच्या (ज्यांतून लाइन, म्हणजे फेकायची दोरी, जाते त्या कड्यांच्या) बांधण्या मरून, कडेला काळा धागा. दोन गाइडांच्या मधे बांधण्या नाहीत. रील सीट (रीळ बसवायची जागा) ग्रिपच्या (मुठीच्या) खाली, स्क्रूची. बुडखा आणि मधला तुकडा यांचा सांधा हलवला की 'टक' आवाज येतो.

कंपनी कोणती, काळ कोणता, लाइन कोणती, आणि या सांध्यांचं काय करायचं?

सहा_कामट्या
सगळ्यात आधी: अडकलेला सांधा पिळू नका. बाकी सगळं सावकाश.

मापं दिलीत हे फार बरं केलंत, त्यातच अर्धं उत्तर आहे. ८८ अधिक १७३.५, त्यातून बुडख्याच्या सांध्यात आत जाणारे अडीच सेंमी वजा केले की २५९ उरतात. ते बरोबर साडेआठ फूट. म्हणजे शाईतला आकडा खरा आहे आणि अडकलेलं टोक मूळ लांबीचं आहे. तीन तुकड्यांच्या रॉडमध्ये बुडखा, मधला आणि दोन्ही टोकं सारख्या लांबीची बनवतात. सुटं टोक साडेतीन सेंमी कमी आहे, म्हणजे कधीतरी मोडून पुन्हा टोकाची कडी बसवली, किंवा ते टोक या रॉडचंच नाही. ते नंतर मोजून कळेल.

काळ. लाइन अक्षरांत लिहिली आहे. लाइनचे आजचे आकडे (५, ६, ७) १९६१ साली अमेरिकेतल्या मासेमारी साहित्य उत्पादकांच्या संघटनेने ठरवले. त्यामुळे नुसती अक्षरं असतील तर रॉड बहुधा त्याआधीचा. अक्षरं आणि आकडा दोन्ही असतील तर बदलाच्या वर्षांतला. दुसरी खूण मधल्या बांधण्यांची. जुन्या रॉडवर दर दोन-तीन सेंमीवर रेशमी धाग्याची बारीक बांधणी असायची, कारण कामट्या (काठी बनते त्या बांबूच्या सहा पट्ट्या) जनावरी सरसाने चिकटवलेल्या असत आणि ओल लागली की सरस सुटे. सरस आणि व्हार्निश सुधारत गेलं तशा त्या बांधण्या गेल्या. तुमच्या रॉडवर नाहीत, म्हणजे फार जुना नाही. गाइडऐवजी लोंबत्या कड्या असत्या तर एकोणिसाव्या शतकापर्यंत मागे जावं लागलं असतं.

तिसरी खूण: भिंगातून कामट्यांच्या जोडरेषा बघा. रेषा दिसेनाशी बारीक असेल तर सरस. गडद जांभळट-तपकिरी रेघ दिसली तर रेसॉर्सिनॉल जातीचा गोंद, म्हणजे दुसऱ्या महायुद्धानंतरचं काम.

काठीचा बांबू बहुतेक टोंकिन जातीचा, दक्षिण चीनमधल्या ग्वांगडोंगचा. १९५० मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार बंद केला आणि अमेरिकन कारखान्यांचा हा माल तुटला. शिलकीवर काहींनी काम चालू ठेवलं, बाकीचे काचतंतूकडे वळले. म्हणून कारखान्यात बनलेले बहुतेक बांबू रॉड त्याच्या आधीचे निघतात.

कंपनीचं सांगायचं तर हेडन, साउथ बेंड, मॉन्टेग, हॉरॉक्स-इबॉटसन या मंडळींनी प्रचंड संख्येने रॉड काढले आणि त्यातले पुष्कळ दुकानदारांच्या नावाने विकले गेले. कागदी छाप झिजला की नाव गेलं. तरी तीन जागा बघा: ग्रिपच्या वरची सपाट बाजू (तिरप्या उजेडात), रील सीटच्या तळाची टोपी आणि सीटची सरकती कडी. हार्डी कंपनीचा बांबू असता तर 'पालाकोना' हे नाव आणि अनुक्रमांक सापडण्याची शक्यता होती. नाव नाही सापडलं तरी बिघडत नाही. रॉड लाइन फेकायला कसा आहे हे नावावरून कळत नाही, सांधे आणि टोकं बघूनच कळतं.

थंड_पाणी
एक भर. षटकोनी आहे म्हणजे चांगला, असं नाही. महायुद्धानंतर जपानहून लाकडी पेटीतले बांबू रॉड ढिगाने आले: झगमगीत रंगीत बांधण्या, चार-पाच तुकडे, उलटा करून फ्लाय आणि स्पिनिंग (वजनदार आमिष फेकायची पद्धत) दोन्हींसाठी लावायचा दांडा. ते भिंतीवर शोभतात. सांधे जड असल्यामुळे काठी लवते ती तुकड्यातुकड्याने. तुमचा तसा दिसत नाही.

आणि 'फ्लाय रॉड' म्हणून येणारा प्रत्येक रॉड फ्लाय रॉड नसतो. सीट ग्रिपच्या खाली, दांड्याच्या अगदी टोकाला असली पाहिजे. सीट ग्रिपच्या मधोमध आणि पहिलं गाइड मोठं रुंद असेल तर तो स्पिनिंगचा. जुनी काठी गोल, गडद आणि हाताला जड लागली तर ती बांबूची नसून ग्रीनहार्ट नावाच्या लाकडाची असू शकते. ते लाकूड वयाने ठिसूळ होतं आणि इशारा न देता मोडतं.

रेशीमदोर
अक्षरांबद्दल, कारण इथेच सगळे फसतात.

अक्षर म्हणजे जाडी, आकडा म्हणजे वजन. अक्षरांच्या पद्धतीत ए म्हणजे ०.०६० इंच आणि पुढचं प्रत्येक अक्षर ०.००५ इंचाने बारीक: बी ०.०५५, सी ०.०५०, डी ०.०४५, असं करत एच ०.०२५. एचसीएच म्हणजे दोन्ही टोकं ०.०२५ इंच (०.६४ मिमी) आणि पोट (मधला जाड भाग) ०.०५० इंच (१.२७ मिमी). दोन्ही टोकं सारखी, म्हणजे डबल टेपर. एचसीएफ असं शेवटचं अक्षर वेगळं असेल तर पुढे वजन असलेली लाइन.

ही जाडी रेशमी लाइनची. रेशीम भरीव आणि जड. आजच्या तरंगत्या लाइनच्या आवरणात हवेचे बुडबुडे असतात, त्यामुळे तेवढ्याच जाडीची आजची लाइन हलकी भरते. म्हणून जाडी मोजून आजची लाइन घेतली तर रॉड लवतच नाही आणि लोक म्हणतात बांबू मेलाय. वजनाने जुळवा. आकड्यांच्या पद्धतीत पहिल्या ३० फुटांचं (९.१४ मीटर) वजन धरतात: ५ नंबर १४० ग्रेन म्हणजे ९.१ ग्रॅम, ६ नंबर १६० ग्रेन म्हणजे १०.४ ग्रॅम, ७ नंबर १८५ ग्रेन म्हणजे १२ ग्रॅम. एचडीएच साधारण ५ ते ६, एचसीएच साधारण ६ ते ७. तुमच्या रॉडवर दोन्ही लिहिलंय, म्हणजे मधला आकडा ६. डबल टेपर ६ घ्या.

तीन लाइनी आणायची गरज नाही. ६ नंबरची लाइन टोकाबाहेर ८ मीटर ठेवून फेकली की रॉडवर जवळपास ५ नंबरचं ओझं येतं, साडेदहा मीटर ठेवली की ७ नंबरचं. मैदानात गवतावर तिन्ही लांब्या फेकून बघा. ज्या लांबीला हाताने ढकलावं लागत नाही आणि टोक मागे लोंबत नाही, तो या काठीचा आकडा.

सोबत जुनी रेशमी लाइन आली असेल आणि चिकट झाली असेल तर सोडून द्या.

थंड_पाणी
आता सांधे.

'टक' दोन कारणांनी येतो आणि दोन्हींचा इलाज वेगळा. सांधा जोडा, एका हाताच्या चिमटीत धातू धरा, दुसऱ्या हाताने काठी अगदी हलके हलवा. धातू आणि बांबू यांच्यात हालचाल लागली तर आतला डिंक सुटलाय. धातू आणि धातू यांच्यात लागली तर सांधा झिजलाय. पहिलं दुरुस्त होतं, दुसरं कटकटीचं.

अडकलेल्या सांध्यासाठी: बर्फ पिशवीत घालून सांध्याभोवती पाच-दहा मिनिटं धरा. मग ओल पुसा, बाहेरचा (मादी) भाग तळहातात काही सेकंद धरून ऊब द्या आणि लगेच सरळ ओढा. बाहेरचा फुगतो, आतला अजून आकसलेला असतो, तेवढ्या फटीत काम होतं. एकट्याला जमत नसेल तर दोघांनी समोरासमोर उभं राहायचं आणि प्रत्येकाने एक हात सांध्याच्या या बाजूला, एक त्या बाजूला धरायचा. प्रत्येकाने एकेक तुकडा धरून रस्सीखेच केली की ओढ तिरपी जाते आणि धातूच्या तोंडाशी बांबू मोडतो. हात सांध्याच्या जितके जवळ तितकं बरं, आणि गाइडला धरून ओढायचं नाही.

पिळायचं का नाही? कामट्या लांबीला ताठ असतात, पण पीळ सगळा जोडरेषांवर जातो. साठ-सत्तर वर्षांचा सरस तेवढ्याने सुटतो.

दगडावरून
सांध्यात रॉकेलचा थेंब सोडला तर? धातूला चालतं.

थंड_पाणी
धातूला चालतं, व्हार्निशला आणि बांधणीच्या धाग्याला नाही. बर्फाने दोन-तीनदा नाही सुटला तरच, तोंडाशी एक थेंब, आणि आजूबाजूला चिकटपट्टी लावून.

काठावरचा
बर्फाने दुसऱ्या खेपेला सुटला. आतला भाग काळपट हिरवा. 'टक' वाजणाऱ्या सांध्यात हालचाल धातू आणि बांबू यांच्यातच आहे, बुडख्यावरच्या मादी भागात. धातूवर एक बारीक टिंब दिसतंय.

सहा_कामट्या
टिंब म्हणजे खिळा. आरपार पितळी किंवा निकेलची बारीक पिन असते.

आधी हिरवळ साफ करा. आतल्या (नर) भागाला कापडावर धातूचं पॉलिश, मग स्पिरिटने पुसून कोरडं. मादीच्या आत फक्त कापसाच्या काडीवर स्पिरिट, काडी काळी यायची थांबेपर्यंत. मादीत पॉलिश पेपर घालू नका. घट्टपणा मिलिमीटरच्या शंभराव्या भागावर असतो, एकदा घासला की परत येत नाही. तेलही लावू नका, त्यात धूळ बसून तीच घासत राहते.

मग उजेडात मादीच्या तोंडाशी उभा तडा आहे का बघा. तडा असेल तर पुढचं काही करू नका, तो भाग बदलावाच लागतो. चांगल्या रॉडचे सांधे जर्मन सिल्व्हरचे असतात, स्वस्त रॉडचे पितळेवर निकेल चढवलेले. निकेल झिजून पिवळं दिसू लागलं की समजा झीज सुरू झाली.

तडा नसेल तर पुन्हा बसवणं असं:
१. धातूच्या कडेची धाग्याची बांधणी काढा. काढण्याआधी फोटो आणि वेढ्यांची रुंदी मोजून घ्या.
२. पिन एक मिलिमीटरच्या टोच्याने हलके ठोकून पलीकडे काढा.
३. स्पिरिटच्या दिव्यावर फक्त धातू, सतत फिरवत, दोन-तीन सेकंद आत, मग बाहेर. जुनी लाख किंवा डिंक मऊ झाला की जाड कापडाने सरळ ओढा. बांबूवर ज्योत गेली तर तो करपतो आणि सरसही सुटतो.
४. बांबूवरचा जुना डिंक नखाने किंवा लाकडी पातीने खरवडा. बांबू कमी करायचा नाही. ताकद बाहेरच्या सालीलगतच्या दाट तंतूंमध्ये असते. ते घासलं की काठी तिथेच मोडते.
५. सावकाश सुकणारा दोन भागांचा इपॉक्सी, पातळ थर. गाइडांची रेघ जुळवून बसवा, बाहेर आलेला लगेच पुसा, २४ तास उभं ठेवा. पिन परत घालायची गरज नाही.
६. नवी बांधणी रेशमी धाग्याने.

रेशीमदोर
पाचव्या पायरीवर वेगळं मत. इपॉक्सीऐवजी गरम करून सुटणारा फेरूल सिमेंट (धातूचे सांधे चिकटवायचा डिंक) वापरा. पुढच्या माणसाला पुन्हा काढता आला पाहिजे.

सहा_कामट्या
मुद्दा बरोबर, पण तो थंडीत ठिसूळ होतो आणि 'टक' परत येतो. साधा इपॉक्सीही पुरेशा उष्णतेने सुटतो. आपापली निवड. बांधणीवर जाड इपॉक्सीचा लेप मात्र नको, हे आपण दोघंही मानतो ना? तो काढताना खालचं व्हार्निश आणि कधी सालही घेऊन जातो. पातळ स्पार व्हार्निशचे तीन-चार हात, प्रत्येकामध्ये एक दिवस.

रेशीमदोर
मानतो. आणि काठीवर मूळ व्हार्निश टिकून असेल तर सगळं खरवडून नवं लावायची हौस करू नका. बारीक जाळीने काही बिघडत नाही. जिथे बांबू उघडा पडलाय तिथेच बोटाने एक थर. ऑर्व्हिस कंपनीच्या राळ मुरवलेल्या रॉडना तर व्हार्निश लागतच नाही, त्यांना नुसतं पुसायचं.

दगडावरून
धाग्याला फाटा फोडतोय, माफी. तपकिरी काचतंतूचा फेनविक कंपनीचा रॉड आहे, सांध्यात धातू नाही, वर 'एफएफ ८५७'. त्यालाही हेच नियम?

थंड_पाणी
८५ म्हणजे साडेआठ फूट, ७ म्हणजे लाइन. काम सोपं. काचतंतूचा सांधा बसवताना पाव वळण चालतं. असे सांधे झिजत जातात तसतसा वरचा तुकडा खाली सरकतो; आत अजून सरकायला जागा उरली नसेल आणि सांधा हलत असेल तर नर भागावर मेणबत्तीचं मेण चोळा. तुकडा दिव्यासमोर धरून फिरवा: काचतंतू थोडा पारदर्शक असतो, पांढरा डाग दिसला तर तिथे आतून मार बसलाय. मिट्ट काळा, उजेड न जाणारा असेल तर कार्बन, १९७० च्या दशकातला किंवा नंतरचा. कार्बनमधून वीज वाहते, वरून तारा जात असतील तिथे उघडू नका.

काठावरचा
सांधा बसवला, २४ तास झाले, आवाज गेला. ६ नंबरची डबल टेपर लाइन आहे. आता फेकण्याआधी काय बघू?

रेशीमदोर
पहिल्यांदा गाइड. टोकाची कडी आणि सगळ्यात खालचं गाइड यांतून कापसाचा बोळा फिरवा. तंतू अडकले तर खाच आहे आणि ती लाइनचं आवरण कापेल. ते गाइड बदला. खालचं गाइड अकीकाचं असेल तर भिंगातून तडा बघा.

मग कामट्या. प्रत्येक तुकडा कानाजवळ धरून हलका वाकवा, सहाही बाजूंनी. चुरचुरलं किंवा जोडरेषेत नख शिरलं तर तिथे सरस सुटलाय, फेकू नका. पातळ गोंद दातांच्या धाग्याने रेषेत ओढून वर दोरा गुंडाळला की बसतो. काठीला थोडा बाक असेल तर चालवून घ्या. सरसाच्या रॉडला गरम करून सरळ करण्याच्या फंदात पडू नका, काठी सरळ व्हायच्या आधी उलगडेल.

जोडताना टोक आधी मधल्याला, मग दोन्ही बुडख्याला. गाइड आधीच रेषेत धरून दाबा, कारण दाबल्यावर फिरवायचं नाही. सोडवताना उलट क्रम.

फेक. साडेआठ फुटी तीन तुकड्यांचा बांबू दीडशे ग्रॅमच्या आसपास असतो आणि खालपर्यंत लवतो. कार्बनच्या सवयीने झटका दिला तर टोक खाली बुडतं, लाइनचा वरचा पदर खालच्याला ओलांडतो आणि लीडरला (लाइनच्या पुढच्या बारीक दोऱ्याला) गाठ पडते. मागे नेल्यावर लाइन पूर्ण उलगडेपर्यंत थांबा, पुढे सावकाश सुरुवात करून शेवटी थांबवा. ही काठी ८ ते १२ मीटरच्या फेकीची आहे. पंधरा मीटरच्या हट्टाने सांध्यावर ताण येतो.

लीडर ९ फुटी, टोकाला ४एक्स (०.१८ मिमी) किंवा ५एक्स (०.१५ मिमी). जाड टिपेट (लीडरचं शेवटचं बारीक टोक) लावलं तर अडकल्यावर ते तुटत नाही, टोक तुटतं. १२ ते १६ नंबरच्या हलक्या माश्या वापरा. जड मणी बांधलेली माशी फेकीत काठीवर आपटली की सालीला खोक पडते आणि महिन्याभराने तिथेच मोडते. गळ अडकला तर रॉड लाइनच्या रेषेत सरळ धरा आणि हाताने लाइन ओढा. मासा जाळ्यात घेताना रॉड उभा करून मागे झुकवू नका. बहुतेक टोकं मासा पायाशी असताना मोडतात.

थंड_पाणी
घरी आल्यावर पुसून, पिशवीत न घालता एक रात्र आडवा. ओला रॉड ठेवायच्या नळीत गेला की व्हार्निशला फोड येतात. नंतर कापडी पिशवीत, खुंटीला टांगून. भिंतीला टेकवून ठेवला की बाक बसतो.

काठावरचा
गवतावर झालं. साडेआठ-नऊ मीटरला सगळ्यात छान. राहिलं ते आखूड टोक. कॅलिपर आहे.

सहा_कामट्या
दोन्ही टोकं धातूच्या बाजूने १०, ३० आणि ५० सेंमीवर मोजा, प्रत्येक ठिकाणी समोरासमोरच्या सपाट बाजूंच्या तिन्ही जोड्या. वरच्या टोकाकडून मोजू नका, तिथे आखूड टोक जाडच येणार.

काठावरचा
१० सेंमीवर दोन्ही ४.० मिमी. ३० आणि ५० वर फरक ०.०५ च्या आत. आखूड टोकाची कडी दुसऱ्यापेक्षा थोडी मोठी.

सहा_कामट्या
मग ते याच रॉडचं, वरून मोडून कडी पुन्हा बसवलेलं. सगळ्यात बारीक साडेतीन सेंमी गेल्यामुळे ते किंचित ताठ लागेल आणि ७ नंबरचं ओझं मागेल. म्हणजे याच लाइनचे साडेदहा मीटर बाहेर. वाऱ्यात आणि सरावाला तेच लावा, पूर्ण टोक पिशवीत राहू द्या. कडीखालच्या बांधणीवर तेवढा व्हार्निशचा एक हात मारा, मोडलेल्या जागेतून ओल तिथूनच आत जाते.